वहीतले पासवर्ड

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी हे गाव २०२५च्या डिसेंबरात एकाएकी राज्यभर चर्चेत आलं. वस्ती दीड हजाराच्या आसपास. पण सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत तिथल्या ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून जास्त जन्मनोंदी झालेल्या निघाल्या. जन्म-मृत्यूच्या नोंदी आता केंद्राच्या नागरी नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये होतात आणि त्यासाठी ग्रामपंचायतीला स्वतंत्र आयडी असतो. शेंदुरसनीचा आयडी मुंबईशी जोडला गेल्याचं प्राथमिक चौकशीत आढळलं. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. दोषी कोण, हे तपास आणि न्यायालय ठरवेल.

एक गोष्ट मात्र त्या निकालाआधीच बोलायला हवी. ग्रामपंचायतीचं लॉगिन म्हणजे गावाची सही. ती कोणाच्या हातात आहे, कोण कोण वापरतं, कुठे बसून वापरतं, याची विचारपूस आपल्याकडे क्वचितच होते. पासवर्डचा विषय निघाला की 'सोपा ठेवू नका, अवघड ठेवा' एवढं सांगून सगळे मोकळे होतात. या विषयावर गेली पंचेचाळीस वर्षं जगभर अभ्यास झाला आहे. तो वाचताना यवतमाळ जिल्ह्यातली सेतू केंद्रं, शाळा, बँकमित्र आणि घरं डोळ्यांसमोर ठेवली, तर एक मत पक्कं होत जातं: आपल्याकडे पासवर्ड किती भक्कम आहे हा दुसरा प्रश्न आहे. तो नेमका कोणाचा आहे, हा पहिला.

आधी अभ्यास काय सांगतो ते पाहू. संगणकाला पासवर्ड लावण्याची रीत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत पडली. फर्नांडो कोर्बातो यांच्या गटानं एकच मोठा संगणक अनेकांना वाटून वापरता यावा म्हणून सीटीएसएस नावाची प्रणाली तयार केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात, एवढ्याच कामासाठी तिथे पासवर्ड आला. १९६२मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकावर जास्त वेळ हवा होता, म्हणून त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची फाईलच छापून घेतली. १९६६मध्ये एका चुकीमुळे तीच यादी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर छापली गेली. वापरणाऱ्यांनी पासवर्ड सोपे ठेवले म्हणून यातलं काहीच घडलं नव्हतं. यादी फुटली ती सांभाळणाऱ्यांकडून. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी बोलणी वापरणाऱ्यालाच बसली.

१९७९मध्ये बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले ८६ टक्के एक तर फार आखूड होते, नाही तर शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडणारे होते. त्यानंतर तीस वर्षांनी, २००९च्या डिसेंबरात रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे बाहेर पडले. त्यात '१२३४५६' हा पासवर्ड जवळपास २ लाख ९० हजार खात्यांना होता. संगणक बदलले, माणसं बदलली, निवड मात्र तशीच राहिली. २०१२मध्ये केंब्रिजमधल्या जोसेफ बोनो यांनी याहूच्या सुमारे ७ कोटी वापरकर्त्यांच्या पासवर्डांचा, कोणाचाही पासवर्ड उघड न करता, अभ्यास केला. भाषा, वय, देश कोणताही घेतला तरी कोणत्याच गटाचे पासवर्ड खऱ्या अर्थानं भक्कम निघाले नाहीत. त्यातला एक निष्कर्ष आपल्याकडच्या घराघरांत सांगायला हवा: पंचावन्न वर्षांवरच्या लोकांचे पासवर्ड पंचविशीच्या आतल्या मुलांपेक्षा अंदाज लावायला दुपटीनं अवघड होते. 'आबांना यातलं काही कळत नाही, मोबाइल इकडे द्या' असं म्हणून नातू फोन ओढून घेतो, तेव्हा या आकड्याची आठवण ठेवावी.

भारतातल्या सवयी फुटलेल्या याद्यांमधून दिसतात. नॉर्डपास ही कंपनी दरवर्षी देशोदेशीच्या नेहमीच्या पासवर्डांची यादी काढते. भारताच्या यादीत '१२३४५६' आणि खुद्द 'पासवर्ड' हा शब्द वरच्या जागी असतात, पण खाली उतरलं की आपली माणसं भेटतात: कृष्णा, साईराम, ओमसाईराम, संजय, प्रियंका. आणि 'इंडिया@१२३'. हा शेवटचा पासवर्ड नीट पाहा. त्यात मोठं अक्षर आहे, छोटी अक्षरं आहेत, अंक आहे, चिन्ह आहे. संकेतस्थळानं घातलेल्या सगळ्या अटी तो पूर्ण करतो, हिरव्या रंगात 'स्ट्राँग' असा शेराही मिळवतो आणि तरीही चोराच्या यादीत पहिल्या काही ओळींतच असतो.

आपल्या जिल्ह्यात अशी यादी कशी दिसेल, याचा अंदाज करणं अवघड नाही. गाडीचा नंबर घ्या. एमएच-२९ ही जिल्ह्याची खूण, पुढे दोन अक्षरं आणि चार अंक. शक्यता एकूण ६७ लाख ६० हजार. मोबाइल नंबर घ्या. तो दहा आकडी असला तरी भारतात ६, ७, ८ किंवा ९नेच सुरू होतो, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. हे आकडे मोठे वाटतात. पण एखाद्या कंपनीची फाईल फुटली आणि तिनं पासवर्ड जुन्या, साध्या पद्धतीनं साठवलेले असले, तर खेळांसाठी विकलं जाणारं एक चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला हजारो कोटी अंदाज तपासून पाहतं. दोन्ही प्रकार एका श्वासात संपतात.

यूपीआयच्या पिनची गोष्ट वेगळी आहे. तो चार किंवा सहा आकड्यांचा असतो आणि थोड्या चुकीच्या प्रयत्नांनंतर बँक तो बंद करते, त्यामुळे दूर बसलेल्या चोराला अंदाज लावायला फारशी जागा नसते. जवळच्या माणसाला मात्र असते. सहा आकडे म्हटल्यावर हाताला सवयीनं काय येतं? यवतमाळचा पिनकोड ४४५००१, पुसदचा ४४५२०४, वणीचा ४४५३०४. नाही तर जन्मतारीख. सहा आकड्यांच्या १० लाख शक्यता असतात, पण शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा धरल्या तरी जन्मतारखा होतात ३६,५२५. चार आकड्यांत दिवस आणि महिना ठेवला तर उरतात फक्त ३६६. २०१२मध्ये केंब्रिजच्याच गटानं हिशेब मांडला की पाकिटात जन्मतारखेचं ओळखपत्र असेल, तर चोराला साधारण दर अकरा ते अठरा पाकिटांमागे एका कार्डाचा पिन सापडेल. आपल्याकडे पाकिटात आधार असतंच, त्यावर बहुतेकदा जन्मतारीख असते आणि झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या प्रती पडलेल्या असतात. कोणाची जन्मतारीख ही आज खाजगी गोष्ट राहिलेलीच नाही.

आता हे असं का होतं, याकडे वळू. 'लोक आळशी आहेत' हे उत्तर मला पटत नाही आणि अभ्यासकांनाही ते फार पूर्वीच पटेनासं झालं. ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅसे यांनी १९९९मध्ये 'वापरणारा हा शत्रू नव्हे' अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंधच लिहिला. माणसं नियम मोडतात, कारण ते नियम त्यांच्या कामात बसत नाहीत, हे त्यांनी कार्यालयांत जाऊन, लोकांशी बोलून दाखवून दिलं. २००७मध्ये फ्लोरेन्सियो आणि हर्ली या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे पाच लाख लोकांच्या वापरातून काढलं की सरासरी माणसाकडे पंचवीसेक खाती असतात आणि त्यांसाठी साडेसहा पासवर्ड. म्हणजे एकच किल्ली चार कुलपांना. पंचवीस वेगवेगळे, लांबलचक, अर्थहीन पासवर्ड कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. जगातल्या कोणत्याही शाळेनं ते शिकवलेलं नाही.

मराठी माणसापुढे याहून एक जास्तीची अडचण आहे. बहुतेक संकेतस्थळांवर पासवर्ड रोमन अक्षरांतच टाकावा लागतो. झेडपीच्या शाळेत शिकलेला, मराठी वर्तमानपत्र रोज वाचणारा शेतकरी 'विठ्ठल' हा शब्द कधी चुकणार नाही, पण तो रोमनमध्ये लिहिताना टी एक की दोन, त्यापुढे एच आहे की नाही, शेवटी ए लावला होता की नव्हता, हे दोन महिन्यांनी त्याला आठवत नाही. शब्द पक्का लक्षात असतो, स्पेलिंग नसतं. 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा', 'वर्षा', 'श्रावण' यांचीही तीच गत. अंकांचं तसं नाही. अंक एकाच प्रकारे लिहिले जातात, म्हणून माणूस अंकांकडे वळतो. चिनी वापरकर्त्यांच्या कोट्यवधी पासवर्डांवर जे अभ्यास झाले, त्यांत हेच दिसलं: त्यांचीही लिपी रोमन नाही आणि त्यांचे पासवर्ड अंकांनी भरलेले असतात. राळेगावच्या शेतकऱ्यानं मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवला, तर तो बेफिकीर आहे असं म्हणण्याआधी आपण त्याच्यासमोर कोणता कीबोर्ड ठेवला होता, तेही पाहावं.

नियमांनीही गोंधळ वाढवला. २००३मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी एक मार्गदर्शिका लिहिली. मोठं अक्षर, छोटं अक्षर, अंक, चिन्ह, आणि ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदला, हे जे आज सगळीकडे दिसतं, त्याचा बराचसा उगम तिथे आहे. २०१७मध्ये निवृत्त बर यांनी त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी एनआयएसटीनं नवी मार्गदर्शिका आणली: लांबी महत्त्वाची, चिन्हांची सक्ती नको, कारण नसताना ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका आणि लोकांनी निवडलेला शब्द आधीच फुटलेल्या यादीत आहे का, ते संकेतस्थळानंच तपासावं. या बदलामागे पुरावा होता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २०१०मध्ये जुन्या खात्यांचा अभ्यास झाला. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावलेल्या या खात्यांपैकी ४१ टक्क्यांचा नवा पासवर्ड जुन्यावरून काही सेकंदांत निघत होता आणि १७ टक्क्यांचा तर पाचच प्रयत्नांत. कारण माणूस बदलतो तो शेवटचा आकडा. 'कापूस@२०२४' होतं, त्याचं 'कापूस@२०२५' झालं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटानं २०११मध्ये दाखवलं की कोणतीही अट नसलेली सोळा अक्षरं ही सगळ्या अटी पाळलेल्या आठ अक्षरांपेक्षा भक्कम असतात आणि लोकांना ती जास्त सोयीचीही वाटतात. एवढं होऊनही आपल्याकडच्या कित्येक सरकारी आणि सहकारी संकेतस्थळांवर २००३चाच सल्ला चालू आहे. त्याची किंमत कोणी हिशेबात धरत नाही. ती मोजली जाते सेतू केंद्राच्या रांगेत.

सेतू केंद्राबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण यवतमाळसारख्या जिल्ह्यात बहुसंख्य लोकांचा पासवर्ड जन्माला येतो तो तिथेच. महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज, मुलीची शिष्यवृत्ती, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानचं ई-केवायसी, फार्मर आयडी, २०२४पासून लाडकी बहीण, २०२५च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवरची नोंदणी. प्रत्येक ठिकाणी खातं नाही तर ओटीपी. दहाला वीज जाते, बाराला येते, सर्व्हर मध्येच बसतो आणि बाहेर पंधरा माणसं उभी असतात. अशा वेळी खुर्चीवरचा पोरगा विचारतो, "काकाजी, पासवर्ड काय ठेवू?" आणि काकाजी म्हणतात, "ठेव ना बाप्पा, तुले सोपा जाइन तो." पोरगा ठेवतो. गावातल्या दोनशे माणसांसाठी तो एकाच साच्यातले पासवर्ड ठेवतो: नावाची पहिली चार अक्षरं, ॲटचं चिन्ह, १२३. मग ते एका लांब वहीत लिहितो: नाव, आधार, मोबाइल, युजरनेम, पासवर्ड. पुढच्या वर्षी काकाजी परत येतात तेव्हा त्या वहीवरच सगळं काम चालतं. ती वही नसती, तर निम्म्या गावाचे अर्ज अडकले असते.

म्हणून त्या पोराला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. तो सरकारचंच अपुरं काम पुरं करतो आहे. पण त्या वहीचा अर्थ काय, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. दोनशे माणसांची ओळख एका टेबलाच्या खणात आहे. पोरगा नोकरी लागून पुण्याला गेला, दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं, वही झेरॉक्स करून घेतली, तिचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरले, तर काकाजींना कळण्याचा कोणताच मार्ग नाही. त्यांना आपला पासवर्ड काय आहे, हे मुळात ठाऊकच नसतं. शिवाय एकाचा साचा कळला की दोनशेंचे कळतात. जगातली सगळी सर्वेक्षणं माणूस कसा पासवर्ड निवडतो हे मोजतात. इथे माणसानं निवडलेलाच नाही. कित्येकदा नोंदवलेला मोबाइल नंबरही त्याचा नसतो. घाईत केंद्रवाल्यानं आपलाच टाकलेला असतो, म्हणजे ओटीपीही तिकडेच जातो. अशा खात्याला वीस अक्षरी पासवर्ड ठेवला तरी मालकी बदलत नाही.

घरातही तसंच. फोन एक, माणसं चार. निथ्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ लोकांशी, बहुतांशी स्त्रियांशी, बोलून २०१८मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. फोन आपला असला तरी तो नवऱ्यानं, सासूनं, मुलांनी मागितला की द्यावा लागतो, हे या बायकांनी गृहीतच धरलेलं होतं. मग त्या काय करत? एखाद्या ॲपला वेगळं कुलूप लावत, मेसेज पुसून टाकत, फोटो लपवत. सगळ्या फोनला पासवर्ड लावला असता तर 'काय लपवतेस?' हा प्रश्न आला असता. दारव्ह्याच्या किंवा उमरखेडच्या घरात हे वाचून कोणाला नवल वाटणार नाही. लाडकी बहीणचे दीड हजार रुपये जिच्या खात्यात येतात, तिच्या खात्याचा पिन घरातल्या दुसऱ्याच माणसाला माहीत असेल, तर ते पैसे कोणाचे, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा उरत नाही.

वाटून वापरणं हे नेहमी दुबळेपणाचं लक्षण असतं, असंही नाही. सुप्रिया सिंग यांच्या गटानं २००७मध्ये ऑस्ट्रेलियात पाहिलं की नवरा-बायको बँकेचा पिन एकमेकांना सांगतात तो विश्वासापोटी, आणि दूरवरच्या आदिवासी वस्त्यांत तर नातेवाईक किंवा दुकानदार कार्ड आणि पिन सांभाळतो, कारण बँक शेकडो किलोमीटरवर असते. झरी जामणी किंवा मारेगावच्या कोलाम पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, बँकेत जाऊन येण्यात दिवस मोडतो. तिथे पिन शेजारच्या शिकलेल्या मुलाकडे असणं ही गरज आहे. बँकेचे नियम मात्र गरज पाहत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, अशी फसवणूक झाली आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काही भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित भार पडतो. पण पिन किंवा पासवर्ड स्वतः दुसऱ्याला सांगितल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. म्हणजे ज्या माणसाला वाटून वापरण्यावाचून मार्गच नाही, तोच माणूस सगळ्यात उघडा पडतो. पैसे गेले की १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, हे तरी प्रत्येक पोडावर माहीत हवं. वेळेवर फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात.

कार्यालयांची सवय हा तिसरा आणि सर्वांत कमी अभ्यासलेला भाग. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्याच्याकडे कधी दोन, कधी तीन गावं असतात. संगणक मात्र संगणक परिचालकाच्या हाताखाली. शाळेत मुख्याध्यापकाचं लॉगिन असतं, पण माहिती भरतो तो तंत्रस्नेही गुरुजी. तलाठी शेतात असतो आणि कोतवाल नाही तर खाजगी मदतनीस ऑफिसात. काम थांबू नये म्हणून पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. २०२५मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडींचं प्रकरण उघड झालं. शिक्षकांचे पगार ज्या प्रणालीतून निघतात, त्या प्रणालीत खोट्या नोंदी कशा शिरल्या, याच्या तपासातही लॉगिनचा गैरवापर हा मुख्य मुद्दा होता. शेंदुरसनी काय आणि शालार्थ काय, दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच येतो: त्या वेळी त्या लॉगिनवर नक्की कोणाची बोटं होती? पासवर्ड पाच जणांत फिरत असेल तर याचं उत्तर देणं तपास यंत्रणेलाही कठीण जातं आणि निर्दोष माणसालाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. पण कोणी वापरला हे सिद्ध होण्यासाठी आधी तो एकाचाच असावा लागतो.

मग भक्कम पासवर्डाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण ठरावीक जागी. संकेतस्थळानं काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद केलं, तर मध्यम प्रतीचा पासवर्डही टिकतो, हे फ्लोरेन्सियो आणि हर्ली यांनी २००७मध्येच मांडलं. खोटा फोन करून कोणी ओटीपी मागून घेतला, तर जगातला सर्वांत लांब पासवर्डही कामाचा नाही. भक्कमपणा उपयोगी पडतो तो कंपनीची फाईल फुटते तेव्हा, आणि वेगळेपणा उपयोगी पडतो तो एका ठिकाणचा फुटलेला पासवर्ड चोर दुसरीकडे लावून पाहतो तेव्हा. ट्रॉय हंट यांनी २०१३मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर आपला ईमेल कुठे कुठे फुटला ते कोणालाही फुकट पाहता येतं. मुलांनी आईवडिलांचा ईमेल तिथे एकदा घालून पाहावा. मला स्वतःला फ्लोरेन्सियो, हर्ली आणि व्हॅन ऊर्शॉट यांचं २०१४चं म्हणणं सर्वांत शहाणपणाचं वाटतं: माणसाची स्मरणशक्ती मर्यादित आहे, ती सगळ्या खात्यांवर सारखी खर्चू नये. ईमेल, बँक आणि फोनचं कुलूप, एवढ्या तीन ठिकाणी वेगळे आणि लांब ठेवा. बाकीचे घरच्या डायरीत लिहिले तरी चालतील. डायरीत लिहिणं हा गुन्हा नाही. ब्रूस श्नायर यांच्यासारखा या क्षेत्रातला जाणता माणूस २००५पासून सांगतो आहे की चांगला पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कागद सांभाळायला माणसाला जमतं. फरक एवढाच की डायरी आपल्या कपाटात असावी.

लांब म्हणजे कसा? अमेरिकेत अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५मध्ये फाशांची एक साधी रीत सांगितली. पाच वेळा फासा टाकायचा, येणाऱ्या आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यायचा, असे शब्द जोडत जायचे. चार शब्दांना शक्यता होतात ३,६५६ लाख कोटी. फासा महत्त्वाचा, कारण मनानं निवडलं की आपण पुन्हा देव, मूल आणि गाव यांकडेच जातो. मराठीसाठी अशी यादी कोणी नीट बनवली, तर ते मोठं काम होईल. शब्द असे हवेत की त्यांचं रोमन स्पेलिंग एकच होईल: पाणी, विहीर, ज्वारी यांत घोटाळा आहे, कारण आय की डबल ई, व्ही की डब्ल्यू हे ठरलेलं नाही. 'कमल', 'मन', 'नगर', 'गरम' असे सरळ, ऱ्हस्व, जोडाक्षर नसलेले शब्द निवडावे लागतील. अमरावती विद्यापीठातल्या किंवा यवतमाळच्या एखाद्या महाविद्यालयातल्या मराठी आणि संगणक या दोन विभागांनी एकत्र बसून हे करावं, असं मनापासून वाटतं. शेवटच्या ए-चा प्रश्न तरीही उरतो. त्यावर भाषेच्या माणसांनीच तोडगा काढावा.

अंगठ्यानं हा सगळा त्रास संपेल असं काही जण म्हणतात. बँकमित्राकडे आधारच्या जोरावर अंगठा लावून पैसे काढणं जिल्ह्यात रुळलंही आहे. पण जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवल्याचे प्रकार देशात घडले आहेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, ठसा बदलता येत नाही. आणि वर्षानुवर्षं निंदण-वेचणी केलेल्या बाईचा अंगठा यंत्राला कित्येकदा उमटतच नाही, हे कोणत्याही रेशन दुकानात विचारावं. दुसरा नवा मार्ग म्हणजे पासकी. गूगल, ॲपलसारख्या कंपन्यांनी २०२२नंतर तो पुढे आणला. यात लक्षात ठेवायचा शब्दच नसतो, किल्ली फोनमध्ये असते आणि फोनचं कुलूप उघडलं की लॉगिन होतं. खोट्या संकेतस्थळावर ती चालतच नाही, हा तिचा खरा गुण, आणि तो मोठा आहे. स्वतःचा फोन असलेल्या प्रत्येकानं ती वापरून पाहावी. मात्र मग सगळी भिस्त फोनच्या कुलपावर येते. कुलपाच्या पॅटर्नचा अभ्यास मार्टे लोगे यांनी २०१५मध्ये केला, तेव्हा ४४ टक्के पॅटर्न वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होणारे निघाले. घरातलं चार वर्षांचं मूल आईचा पॅटर्न पाहून शिकतं. फोन एक आणि माणसं चार असलेल्या घरात पासकीही चौघांची होते.

त्यामुळे सुरुवात कार्यालयापासून आणि सेतू केंद्रापासून करावी, असं मी म्हणेन. केंद्रात नवं खातं उघडताना कीबोर्ड अर्जदाराकडे सरकवावा, तो जे टाकेल ते त्याच्याच हातानं एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याकडे द्यावं. लिहिता येत नसेल तर सोबतच्या नातेवाइकानं लिहावं. मोबाइल नंबर अर्जदाराच्या घरचाच असल्याशिवाय नोंद पुढे जाऊ नये. याला माणशी पाच मिनिटं जास्त लागतील आणि त्या पाच मिनिटांचे पैसे केंद्रचालकाला शासनानं दिले पाहिजेत. सध्याच्या दरात तो हे फुकट करील, अशी अपेक्षा चुकीची आहे. ग्रामपंचायतीत, शाळेत, तलाठी कार्यालयात एका पदाला एक लॉगिन ही रचना मोडून प्रत्येक माणसाला त्याचं लॉगिन द्यावं. परिचालकाला माहिती भरण्यापुरतं, अधिकाऱ्याला मंजुरीपुरतं. रोज सकाळी आदल्या दिवशी किती नोंदी झाल्या याचा एक संदेश अधिकाऱ्याच्या फोनवर जावा. दीड हजार वस्तीच्या गावात एका दिवसात शेकडो जन्म दिसले, तर त्याच संध्याकाळी कोणीतरी तालुक्याला फोन करील.

आणि मे महिन्यात बदल्या होतात, तेव्हा चार्ज यादी बनते. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, नोंदवह्या, कॅशबुक, टेबल-खुर्च्या यांच्या रकान्यांखाली प्रत्येक लॉगिनची नोंद यावी. जुन्या माणसाचा नंबर कोणत्या तारखेला काढला, नव्याचा कधी जोडला, पासवर्ड कोणासमोर बदलला, त्यावर दोघांच्या सह्या. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, कायदाही लागत नाही. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं एक पत्र सोळाही तालुक्यांना पुरेल.